घाटातली वायर

"मिस्त्री कुठं हाय?" हा प्रश्न ऐकून ऐकून संगीता राठोडचे कान किटले होते. हातात पाना, कोपरापर्यंत ग्रीस, अर्धं अंग बॉनेटमध्ये, आणि तरी समोरचा माणूस तिच्या डोक्यावरून मागे बघत विचारणार, मिस्त्री कुठं हाय? जशी काही ती बॉनेटमध्ये मेथी निवडत बसली होती.

आर्णीत दिग्रस रोडवर हे किसनसिंग मिस्त्रींचं गॅरेज. किसनसिंग म्हणजे संगीताचा बाप. अकरा वर्षांपूर्वी त्यांचे हात थरथरायला लागले, पाना संगीताच्या हातात आला आणि किसनसिंग दाराशी ठेवलेल्या जीपच्या जुन्या सीटवर जाऊन बसले. तिथून ते कानांनी काम करत. गाडी रस्त्यावरून वळून दारात येईपर्यंत तिचं काय दुखतंय ते त्यांना कळलेलं असे. कान तयार, पण तोंड भलतंच कंजूष. कुणी संगीताविषयी विचारलं तर एवढंच म्हणत, "पोट्टी हातभार लावते." अख्खं इंजिन उतरवून, खोलून, परत बसवण्याला ते हातभार म्हणत. संगीता ते ऐकायची, दात खायची आणि पुन्हा कामाला लागायची. बापावर तिचा जीव होता, हीच तर अडचण होती.

सोमवारी सकाळी दारात एक पांढरी अँबॅसिडर येऊन थांबली आणि किसनसिंग सीटवरून अर्धे उठले.

या गाडीची आर्णीच्या आसपास कुणाला ओळख करून द्यावी लागत नाही. धावजी नायकाच्या बंजारा तांड्यात आलेली ती पहिली चारचाकी. धावजी त्या तांड्याचे नायक, म्हणजे प्रमुख, आणि किसनसिंगही मूळचे त्याच तांड्यातले. नायकांनी गाडी आणली तेव्हाच सगळ्यांसमोर शब्द दिला होता, की या तांड्याची लेक सासरी जाईल ती ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून नाही, या गाडीतून जाईल. आणि तिच्या शेजारी नायकीण बसेल, थेट सासरच्या दारापर्यंत. सासरच्यांना कळलं पाहिजे की पोरगी एकटी आलेली नाही, मागे अख्खा तांडा उभा आहे. नायकांची बायको जमनीबाई तशी बसत आली. तीस वर्षांत गाडीनं एकतीस नवऱ्या पोचवल्या. संगीता त्यांच्यात नव्हती. तिला पोचवायला न्यावं असा नवरा अजून सापडला नव्हता, आणि ती काही कंदील घेऊन शोधत नव्हती.

गाडीतून राजकुमार उतरला. धावजी नायकांचा मुलगा, पन्नाशीचा, अंगानं दणकट आणि तोंडानं मऊ. त्याचं तोंड आज पार उतरलेलं होतं.

"राम राम काका. गाडी मिसिंग मारून राह्यली," तो संगीताच्या डोक्यावरून किसनसिंगांना म्हणाला.

मिसिंग म्हणजे चालत्या इंजिनाचा ठोका चुकणं. प्लगला करंट पोचत नाही, गाडीला उचकी लागते, दोन-चार झटके देते आणि पुन्हा सुरळीत चालायला लागते. रोज मारत असेल तर पकडणं सोपं. कधी मारते कधी नाही, अशी असेल तर मिस्त्रीचा जीव खाते.

"कवा मारते?" संगीतानं विचारलं.

राजकुमारनं उत्तर दिलं ते किसनसिंगांनाच. "याडी बसली का मारते." याडी म्हणजे आई; तांड्यात सगळेच जमनीबाईंना याडी म्हणत.

"म्हंजे?"

"बा होता तवर एकदा बी नाही मारली. बा गेला त्याले तीन वरीस झाले. तवापासून याडी गाडीत बसली का फट् फट् चालू. तिले उतरवलं का मंग पुन्हा विमान. पुसदले प्लग बदलले, कॉइल बदलली. यवतमाळले कार्बोरेटर धुतला. पेट्रोलचा पंप नवा टाकला. कायनंच फरक नाही."

मग त्यानं बाकीचं सांगितलं, आणि ते सांगताना त्याचा आवाज खाली गेला. तांड्यात कुजबुज सुरू झाली होती. नायक गेला, आता गाडी नायकिणीला घेईना. विधवेचा पाय गाडीला सोसत नाही. जमनीबाईंच्या कानावर ते गेलं आणि त्या मुकाट्यानं बाजूला झाल्या. शेवटच्या दोन नवऱ्या एकट्याच गेल्या. आणि आता येत्या गुरुवारी राजकुमारच्या मुलीचं, वर्षाचं लग्न होतं, ढाणकीच्या बाजूच्या एका तांड्यात तिला द्यायचं होतं. वर्षा म्हणे, आजी शेजारी नसेल तर मी गाडीत पाय टाकत नाही. आजी म्हणे, माझ्या पायानं नातीची गाडी वाटेत बंद पाडू काय?

"माही याडी तीन वरसांपासून या गाडीले पाठ करून बसते, काका," राजकुमार म्हणाला. "काही तरी करा."

संगीतानं बॉनेट उघडलं. डिस्ट्रिब्युटरवर, म्हणजे चारही प्लगांना करंट वाटणाऱ्या डब्यावर तिचा हात गेला तशी राजकुमारनं जीभ चावली.

"त्याले नको हात लावू. त्यातली वायर काकांनी टाकेल हाय. घाटातली. पुसदच्या मिस्त्रीले बी लावू नाही देला, यवतमाळवाल्याले बी नाही."

घाटाची गोष्ट! ती तर संगीतालाच काय, आर्णीतल्या पोराटोरांनाही पाठ होती. तेरा वर्षांपूर्वी गाडी नवरीला घेऊन पुसदकडच्या घाटात बंद पडली. डिस्ट्रिब्युटरमधली बोटभर वायर जळाली होती. वऱ्हाडात किसनसिंग होते. त्यांनी दुरुस्तीला न्यायची म्हणून डिकीत टाकलेली विहिरीवरची जळकी मोटार उघडली, तिच्या गुंडाळ्यातली जाड तांब्याची तार ओढून काढली, जमनीबाईंनी आपल्या भरतकामाच्या गाठोड्यातला लाल धागा दिला तो तारेवर घट्ट गुंडाळला, आणि दहा मिनिटांत गाडी चालू. धावजी नायक मरेपर्यंत ती गोष्ट सांगत आले. इंजिन मरेल पण किसननं टाकलेली वायर तुटणार नाही, असं त्यांचं म्हणणं. किसनसिंग ऐकताना मिशीतल्या मिशीत हसायचे. या गॅरेजचं नाव त्या गोष्टीवर उभं होतं.

संगीतानं हात मागे घेतला. इंजिन चालू केलं. मांजरासारखं गुरगुरत राहिलं. पाय दाबला, घूं घूं करून उठलं, एक ठोका चुकला नाही.

"इंजनात काही नाही," किसनसिंग सीटवरून म्हणाले.

ती राजकुमारच्या शेजारी बसून अरुणावतीच्या पुलापर्यंत जाऊन आली. राजकुमार एकटा असला की बापासारखीच गाडी चालवायचा, म्हणजे बैल शर्यतीत सोडल्यासारखी. गाडी खरंच विमान झाली होती. पुलावर संगीताच्या ओढणीचं टोक खिडकीबाहेर फडफडत होतं आणि मिसिंगचा पत्ता नव्हता.

"पाह्यलं?" राजकुमार हताश होऊन म्हणाला. "याडी नाही ना."

"मंग याडीले घेऊ," संगीता म्हणाली. "तांड्यात चाला."

तांड्यात लग्नाची धांदल होती. जमनीबाई ओट्यावर वर्षाच्या फेटियाला, म्हणजे लग्नाच्या घागऱ्याला, आरसे लावत बसल्या होत्या. पंचाहत्तरी ओलांडलेली बाई, पण पाठ ताठ आणि सुईत दोरा अजून पहिल्या झटक्यात जायचा. गाडीचा आवाज आला तशा त्या तोंड फिरवून बसल्या.

"याडी, जराशीक बसा न गाडीत," संगीता त्यांच्या समोर जमिनीवर बसून म्हणाली.

"कायले?"

"तुमी बसल्याबिगर मले बिमारी दिसत नाही."

"बिमारी कोण हाय थे साऱ्याइले माहीत हाय, बेटा," जमनीबाई म्हणाल्या. सुई थांबली नाही. "तू शिकलेली हाय. म्हून तुले सांगतो, मले पुन्हा पुन्हा नको दाखवू."

संगीताला एकदम राग आला, कुणाचा ते तिलाही कळलं नाही. बाईनं आयुष्यभर दुसऱ्यांच्या लेकींना हात धरून सासरी नेलं आणि आता तिनंच स्वतःला गाडीतून उतरवलं होतं. "याडी," ती म्हणाली, "एकच डाव. पुन्हा कधी म्हननार नाही. माह्यासाठी."

जमनीबाईंनी सुई कापडात टोचून ठेवली. मग घागरा बाजूला ठेवून उठल्या.

त्या मागे बसल्या, संगीता पुढे. गाडी तांड्यातून निघाली, डांबरी रस्त्याला लागली, एक मैल गेली आणि फट्! मग पुन्हा फट्, फट्. गाडीनं मान हलवल्यासारखे झटके दिले. खोटं कशाला सांगा, क्षणभर संगीतालाही वाटून गेलं की लोक म्हणतात त्यात काही आहे की काय.

"थांबव," मागून जमनीबाई शांतपणे म्हणाल्या. गाडी थांबली. त्या उतरल्या, पदर सारखा केला आणि रस्त्याच्या कडेनं तांड्याकडे चालू लागल्या. राजकुमार स्टिअरिंगवर कपाळ टेकून बसला. उन्हात त्या पाठमोऱ्या चालत्या बाईकडे बघताना संगीताला लाज वाटली. तिनंच ओढून आणलं होतं त्यांना.

आणि मग तिला आठवलं ते राजकुमारच्या चपलेचं. आई गाडीत असताना त्याची चप्पल पेडलवर नुसती टेकलेली होती. पुलावर जाताना तोच पाय तळाला लागला होता.

"भाऊ, याडी असली का तुमी गाडी कशी चालवता?"

"कशी म्हंजे? हळू. तिचे गुडघे दुखतेत. चाळीसच्या वर नाही नेत."

"अन् नायक?"

राजकुमार एवढ्यातही हसला. "बा? बा त याडी असो का नवरी, उडवतच जाये. याडी लय शिव्या दे त्याले."

"उतरा," संगीता म्हणाली. "तुमी याडीसंग जा. गाडी मी नेतो."

ती एकटी निघाली. मागची सीट रिकामी, शेजारी कुणी नाही. मोकळा रस्ता, दोन्हीकडे कापसाच्या पराटीचे वाळके फड. तिनं पाय अगदी हलका ठेवला, पेडलवर झोपलेलं पोर असावं इतका हलका, आणि काटा चाळीसवर धरला. एक मैल, दीड मैल. फट्. फट् फट्. तिनं पाय दाबला. गाडी सुरळीत. पाय हलका केला. फट्! संगीता एकटीच मोठ्यानं ओरडली, "सापडली!" रस्त्याकडेला शेळ्या चारणारी एक बाई दचकून बघायला लागली. जमनीबाई नव्हत्या, तरी गाडी मिसिंग मारत होती, आणि या गोष्टीचा संगीताला इतका आनंद झाला की तिनं मुद्दाम हलक्या पायानं गाडीला झटके खायला लावत आर्णीपर्यंत आणलं.

गाडीला जो माणूस जपून चालवेल त्यालाच ती झटके देत होती. पुसदला, यवतमाळला, तिच्या स्वतःच्या गॅरेजात, सगळ्यांनी तेच केलं होतं, इंजिन चालू करायचं आणि पाय दाबून घूं घूं करायचं. हळू कुणी चालवलीच नव्हती. आईला घेऊन जाणारा राजकुमार तेवढा हळू चालवत होता.

आता हलक्या पायाला असं काय होतं? गॅरेजच्या दारात येईपर्यंत संगीताला उत्तर सुचलं होतं. पाय हलका असला की इंजिन हवा जोरानं ओढतं. ती ओढ एका बारीक नळीतून डिस्ट्रिब्युटरपर्यंत जाते आणि आतली एक चकती जराशी फिरवते, म्हणजे करंट थोडा लवकर पडावा. पाय दाबला की ओढ जाते आणि चकती जागेवर परत येते. गाडी उभ्या उभ्या चालू असली तर चकती हलतच नाही.

तिनं इंजिन तसंच चालू ठेवलं, बॉनेट उघडलं, ती नळी कार्बोरेटरकडून सोडवली आणि टोक तोंडात धरून ओढलं, शरबताची नळी ओढावी तसं. इंजिन अडखळलं. तोंड सोडलं, इंजिन गुरगुरायला लागलं. पुन्हा ओढलं. फट् फट्. तिसऱ्यांदा ओढलं तेव्हा सीटवरून किसनसिंगांचा आवाज आला.

"काय करून राह्यली? गाडी मारली का?"

"नाई बा. गाडी बोलून राह्यली."

तिनं इंजिन बंद केलं आणि ज्याला हात लावायचा नव्हता त्या डिस्ट्रिब्युटरची कॅप काढली. आत लाल धागा होता. तेरा वर्षांच्या तेलानं काळवंडलेला, पण एकेक वेढा अजून शेजारच्याला चिकटून. बापाचा हात थरथरत नव्हता तेव्हाचं काम. वरून वायर अगदी ठणठणीत दिसत होती. संगीतानं दोन बोटांनी ती हळूच वाकवली आणि धाग्याच्या आत काहीतरी मोडक्या हाडासारखं हललं.

तार आतून तुटली होती. दोन टोकं एकमेकांना टेकून होती ती फक्त धाग्यानं आवळून धरलं म्हणून. चकती फिरली की टोकं सुटत, आणि करंट जाई.

ती तशीच वाकून उभी राहिली. आता काय सांगायचं? ज्या वायरीवर बापाचं नाव उभं होतं तीच वायर गुन्हेगार निघाली होती. गुपचूप काढून फेकली असती तर कुणाला पत्ता लागला नसता. पण मग जमनीबाईंचं काय? गाडी सुधारली एवढं सांगून त्यांच्यावरचा बोल धुतला जाणार नव्हता. लोक म्हणाले असते, कुठं उतारा केला वाटतं.

"काय निघालं?" किसनसिंगांनी विचारलं.

"वायर."

"कोनती?"

संगीतानं डिस्ट्रिब्युटरची कॅप उचलून दाखवली. तेवढ्यातच त्यांना कळलं. त्यांनी हात पुढे केला. संगीतानं वायर सोडवली आणि त्यांच्या थरथरत्या तळहातावर ठेवली. त्यांनी डोळे मिटून ती बोटांनी चाचपली, जरा वाकवली, कानाशी नेली आणि पुन्हा वाकवली. मग सदऱ्याच्या खिशात ठेवून दिली आणि रस्त्याकडे बघत बसले.

संगीतानं नवी वायर टाकली. बारीक तारांची वेणी असलेली, मऊ, दोऱ्यासारखी वाकणारी. नळी ओढून पाहिली, दहादा ओढली. इंजिनानं हूं की चूं केलं नाही. संध्याकाळी ती चाळीसच्या काट्यावर दिग्रसच्या अर्ध्या वाटेपर्यंत जाऊन आली. गाडी अशी चालली की डोळा लागावा.

मंगळवारी राजकुमार गाडी न्यायला आला. "काय होतं काका?"

किसनसिंग म्हणाले, "गाडी चांगली झाली. ने."

"पण होतं काय?"

"करंट जाये," किसनसिंग म्हणाले आणि खोकायला लागले.

राजकुमार गेल्यावर संगीता हात पुसत त्यांच्या समोर येऊन उभी राहिली. ती बापाशी कधी अशी बोलली नव्हती. "बा, त्या बाईनं तीन वरीस सोतःले दोष देला. माह्या डोयासमोर उतरून चालत गेली थे. मी सांगणार नाही. सांगाचं त तूच सांग. पण नाही सांगतलं, त मले वाईट वाटन."

रात्री किसनसिंग नीट जेवले नाहीत.

गुरुवारी दोघंही तांड्यात गेली. लग्न लागलं, पंगती उठल्या, आणि उन्हं कलती व्हायच्या आधी वर्षाला निघायची वेळ झाली. अँबॅसिडर धुऊन, झेंडू लावून उभी होती. आरशांचा घागरा नेसलेली वर्षा गाडीच्या उघड्या दाराशी आली आणि तिथंच थांबली. "आजी आल्याबिगर मी नाही बसत." जमनीबाई ओट्याच्या खांबाला धरून उभ्या होत्या. राजकुमार हात जोडून सांगत होता, याडी, गाडी दुरुस्त झाली. जमनीबाई मान हलवत होत्या. "दुरुस्त झाली त चांगलं हाय. माह्या पायानं पुन्हा बिघडू कायले देऊ?" नवरदेवाकडची मंडळी घड्याळं बघायला लागली. बायका आपसात कुजबुजायला लागल्या, आणि त्या काय कुजबुजत होत्या ते सगळ्यांनाच ठाऊक होतं.

संगीतानं बापाकडे पाहिलं. किसनसिंग गर्दीच्या मागे खुर्चीवर बसले होते. ते उठले. काठी टेकत, लोकांना बाजूला करत गाडीपाशी आले आणि बॉनेटला हात टेकून उभे राहिले.

"घाटाची गोष्ट माहीत हाय ना सगळ्याइले?" ते म्हणाले.

"हाव!" दहा-वीस जण म्हणाले. काही हसले. म्हाताऱ्याला आता गोष्ट सांगायची लहर आली वाटतं!

"थिच्या पुढची गोष्ट कोनालेच माहीत नाही. थे मी सांगतो." त्यांनी खिशातून वायर काढली आणि वर धरली. हात थरथरत होता, त्यामुळे वायरही थरथरत होती. "हे घाटातली वायर. मोटारीची तार होय. मोटारीत थिले हालाव नाही लागत. गाडीत थिले घडोघडी वाकाव लागते. कडक तार वाकू वाकू मोडते, हे मले त्याच दिवशी माहीत होतं. दुसऱ्या दिवशी मऊ वायर टाकाले पायजे होती. पण नायकानं माही तारीफ केली, तुमी केली, अन् मले थे बदलावीशीच नाही वाटली. मोठेपणा गोड लागे. तेरा वरीस तशीच ठेवली."

आता कुणी हसत नव्हतं.

"थे आतून मोडली. गाडी हळू चालवली का थे सुटे. राजकुमार आईले घेऊन हळू चालवे, म्हून आई बसली का गाडी झटके खाये. बोल लागला भाभीले." त्यांनी जमनीबाईंकडे पाहिलं. "दोष तुह्या पायाचा नाही, भाभी. माह्या हाताचा होय. मले हे समजलं नाही. पुसदवाल्याले नाही समजलं, यवतमाळवाल्याले नाही समजलं. माह्या लेकीले समजलं."

संगीतानं खाली बघितलं. नाव घालवून घेताना तिनं कुणाला इतकं ताठ उभं राहिलेलं पाहिलं नव्हतं, आणि तो तिचा बाप होता.

जमनीबाई ओट्यावरून उतरल्या. सावकाश चालत आल्या, किसनसिंगांच्या हातातून वायर घेतली आणि डोळ्यांजवळ नेऊन निरखली. काळवंडलेल्या वेढ्यावरून नख फिरवलं, तशी खालून लाली दिसली.

"हा माहा धागा होय," त्या म्हणाल्या.

"हाव. तुहाच."

"हा त नाही तुटला."

"थो कसा तुटन?" किसनसिंग म्हणाले. "त्यानंच त धरून ठेवली होती भाभी. माही तार केव्हाच मोडली होती. तुह्या धाग्यानं नसती आवळली, त गाडी जागची हालली नसती. मागच्या नवऱ्या सासरी गेल्या थ्या तुह्या धाग्यावर गेल्या."

जमनीबाईंनी वायर आपल्या कनवटीला खोचली, पाठ होती त्याहून ताठ केली आणि भोवतालच्या बायांकडे एकदा नजर फिरवली. सगळ्यांकडे, एकेकीकडे, सावकाश. बाया घागऱ्यांच्या घड्या सारख्या करायला लागल्या.

"सरक व," त्या वर्षाला म्हणाल्या. "मले खिडकीपाशी बसाचं हाय."

वर्षा हसतच रडायला लागली. जमनीबाई बसल्या, दार लागलं, आणि राजकुमारनं गाडी काढली, हळू, आईचे गुडघे सांभाळून. खिडकीतून जमनीबाईंचा आवाज आला. लेकीला निरोप देताना बाया रडत रडत म्हणतात तो ढावलो त्यांनी धरला होता, तीन वर्षांनंतर, आणि आवाज जराही बसलेला नव्हता. तांड्यातल्या बायांनी मागून तो उचलला.

किसनसिंग डोळे मिटून उभे होते. संगीताला माहीत होतं, ते गाणं ऐकत नव्हते. ती पण ऐकत नव्हती. बाप-लेक दोघं इंजिन ऐकत होते. गाडी तांड्याच्या वाटेनं गेली, डांबरीला लागली, चाळीसच्या आत, हलक्या पायानं, बाभळीच्या वळणापर्यंत. एकही ठोका चुकला नाही.

"मऊ चालली," किसनसिंग म्हणाले.

तेवढ्यात नवरदेवाकडचा एक माणूस लगबगीनं आला. त्यांच्या वऱ्हाडाची जीप चालू होत नव्हती. तो संगीताच्या अंगावरून पुढे होऊन किसनसिंगांसमोर उभा राहिला. "मिस्त्री, जरा पाहता का? सेल्फ मारून मारून थकलो."

"मले काय विचारून राह्यले?" किसनसिंग म्हणाले आणि काठीनं दाखवलं. "मिस्त्री थे उभी हाय."

अकरा वर्षं संगीता या शब्दाची वाट पाहत होती. तिनं लग्नासाठी नेसलेल्या नव्या साडीच्या पदरानं नाक-डोळे पुसले, पदर कमरेला खोचला आणि म्हणाली, "कुठं हाय जीप?"